सहा कुलपांची साखळी

गेटला मी कुलूप बरोबरच लावलं होतं, हे आमच्या बिल्डिंगीतल्या एकाही माणसानं मानलं नाही. इतकी वर्षं झाली, अजून मानत नाहीत! आता तुम्हीच ऐका अन् सांगा माझं काय चुकलं. चुकलं असेल तर गप्प बसा, मला ऐकून घ्यायची सवय नाही.

आम्ही सहा बिऱ्हाडं. खालून एक सायकल चोरीला गेली, तेव्हा गेटला कुलूप पाहिजे म्हणून सर्वात जास्त कोण ओरडलं? मीच. भिंतीवर काचा कोणी बसवून घेतल्या? त्याही मीच. घरमालक एवढा दिलदार, की एका कुलपाच्या सहा चाव्या त्याच्यानं होईनात! मग रेल्वेतल्या वानखेडेभाऊंनी डोकं चालवलं.

"प्रत्येकानं आपापलं कुलूप आणा. कुलपात कुलूप अडकवू अन् त्या माळेनं साखळीची दोन टोकं जोडू. ज्याले जायचं त्यानं आपलं एक उघडलं, की गेट मोकळं."

वा! म्हणजे पाच जणांतलं कोणीही उघडणार, मग माझं कुलूप काय दृष्ट लागू नये म्हणून टांगायचं?

माझ्या उषीचा मॅट्रिकचा पहिला पेपर होता, अकरा वाजता. ती घरात घोकत बसलेली. मी नऊला इतवारीच्या बाजारात गहू घ्यायला निघाले. जाताना माझं कुलूप माळेतून काढलं अन् साखळीच्या दोन्ही टोकांत सरळ ठोकलं. बाकीची पाच बाजूला लोंबत राहिली. आता या चोरा, म्हटलं!

पावणेअकराला रिक्षातून परतले, तर गेटच्या आत सारी बिल्डिंग गोळा. उषी मध्ये रडून राहिलेली. भिंतीवरून जावं, तर काचा.

"काय वं, काहून उभ्या आहात साऱ्या? पोरीले सोडा ना!"

"चावी लागून राहिली, पण गेट नाही उघडत," वरच्या मालतीबाई म्हणाल्या.

"तुमच्यानं एक कुलूप उघडत नाही? काढा सारे आपापलं!"

पाचही जणांनी काढली. साखळी जागची हलली नाही. वानखेडेभाऊ रात्रपाळी करून झोपलेले, तेही लुंगीवर खाली आलेले. त्यांनी साखळी हातात धरली.

"आता एकच उरलं, गिरजाबाई."

"मग तोडा ना गा! कोण्या मुडद्याचं आहे?"

सारे माझ्या कमरेकडं पाहत होते. तिथं माझी चावी खोचलेली. ती काय लोण्यासारखी फिरली म्हणता!

गहू उतरवायलाही वेळ नव्हता. पोरगी त्याच रिक्षात, गव्हाच्या पोत्यावर बसून पेपरला गेली.

संध्याकाळी विचारलं, "बसू दिलं ना वं?"

"दिलं. वीस मिनिटं उशीर झाला. सर म्हणाले, उशिराचं कारण लिहून दे."

"मग काय लिहिलं? रिक्षा पंक्चर झाली म्हणून?"

"खोटं काहून लिहू? अन् सारं लिहायले वेळ कुठं होता? नुसतं नाव लिहिलं."

"कोणाचं?"

"सौ. गिरजाबाई नामदेव ढोके."