घट्टशेठ आणि चेंबरचा नळ

आमच्या ह्यांना सगळे घट्टशेठ म्हणतात, आणि त्यात कोणाची काही चूक नाही. घरातली एक बरणी मला एकटीला उघडता येईल तर शपथ. रात्री नळ बंद करतील तो असा, की सकाळी उघडायला पुन्हा ह्यांनाच उठवावं लागतं. गॅरेजमध्ये तर विचारूच नका. पाना हातात आला की नट बसला तरी आणखी अर्धा फेरा देणार, आणि वर म्हणणार, ‘आता कसं, झोप लागेल.’ जन्मभर गाड्यांखाली पाठ टेकून काढलेला माणूस. हात काळे, पण शब्द स्वच्छ. गिऱ्हाइकाला खोटं सांगितलेलं मी ऐकलं नाही.

मागे हे पायरीवरून घसरले आणि ह्यांचं उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, जोर काही परत आला नाही. गाडीचं ऑइल बदलायचं म्हणजे इंजिनखाली ऑइल साठतं त्या चेंबरचा बोल्ट सोडायचा, आणि तो ह्यांनीच आवळलेला. स्वतःच्याच करणीशी झुंजत बसायचे, आणि मी आले की पाना बाजूला ठेवून चष्मा पुसायला लागायचे. जणू मला कळतच नव्हतं!

लेकीला मात्र ते बघवेना. ती स्वतःची टॅक्सी चालवते, हात बापाचा आणि तोंड माझं. तिने कुठूनसा एक नळ आणला. बोल्ट काढून त्या जागी तो चेंबरला बसवायचा. छोटासा पितळी तुकडा, त्याला एक खटका. खटका बोटाने उचलून वळवला की जुनं ऑइल खाली, परत वळवला की बंद. पाना नको, जोर नको. हे नळाकडे असे बघत होते, जसा काही लेकीने न विचारता जावईच ठरवून आणला. बोटाने उघडतो तो बोटभर खड्ड्यानेही उघडेल, असं त्यांचं म्हणणं. तिने खटका खाचेत कसा अडकतो ते दाखवलं, आपल्याच टॅक्सीला नळ बसवला आणि पान्याने अगदी हलकासा आवळला.

‘‘बास. याहून जास्त आवळलं तर चिरेल. चेंबर अ‍ॅल्युमिनियमचं आहे,’’ ती म्हणाली, आणि हात धुवायला घरात आली.

तिला एका निवृत्त शाळाबाईंना डोंगरापलीकडे त्यांच्या बहिणीकडे पोचवायचं होतं. नवं ऑइल भरून झालं होतं. ती घाईघाईने निघाली, जाताना बापाच्या पाठीवर थाप मारून गेली.

ती गेल्यावर मी पानं वाढली. हे ताटावर बसले आणि नुसते बसून राहिले. मग उठले, हात धुतले, परत बसले, परत धुतले. शेवटी गॅरेजमध्ये गेले ते येईनात, म्हणून मी बघायला गेले. गाडी उभी होती तिथे हे गुडघे टेकून बसले होते. जमिनीवर ऑइलचा ताजा डाग, रुपयाएवढा. पुढे फाटकापर्यंत एकेक थेंब.

मी म्हटलं, भरताना सांडलं असेल. त्यांनी मान हलवली.

‘‘ती हात धुवायला गेली तेव्हा मी खाली शिरलो,’’ ते म्हणाले. ‘‘अंगाचा भार टाकून आवळला. कट् असा आवाज आला.’’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, पण ही खोड आज माझ्या पोरीच्या जिवावर उठली होती. चढाला इंजिन तापणार, चीर वाढणार, ऑइल संपणार, इंजिन धरणार, म्हणजे चालता चालता जाम होणार. तेही एखाद्या वळणावर धरलं तर स्टिअरिंग जड, ब्रेक जड, आणि बाजूला दरी. हे सगळं मला ह्यांनीच कधीतरी शिकवलेलं होतं. भांडायला वेळ नव्हता. मी फोन लावला. तो नुसता वाजत राहिला. चालवताना फोन घ्यायचा नाही, हाही ह्यांचाच नियम.

स्कूटर मी चालवली. त्यांच्या मनगटात ब्रेक दाबायचा दम नव्हता. मागे बसून ते रस्ता बघत होते. प्रत्येक गतिरोधकाजवळ थेंब सापडायचे, आणि ते माझ्या कानाशी हळूच म्हणायचे, ‘‘आहेत.’’ गाव मागे पडलं, चढ लागला. तिथे थेंबांची रेघ झाली होती. पुढे ट्रक, मागे ट्रक, आणि मला त्या काळ्या रेघेपलीकडे काही दिसेना. एका वळणावर कठडा तुटलेला होता. मी स्कूटर थांबवून खाली बघितलं. जुनाच तुटलेला होता, तुटक्या जागी गवत वाढलेलं.

‘‘लाल दिवा लागला की लगेच बंद करेल ना ती?’’ त्यांनी विचारलं.

‘‘शिकवलंय कोणी?’’ मी म्हटलं. रागानेच म्हटलं, पण मला तेवढाच आधार होता.

गाडी दिसली. रस्त्याच्या कडेला, डोंगराच्या बाजूने, चाकांमागे दगड लावलेले. लेक दगडावर बसली होती, शेजारी शाळाबाई छत्री धरून. मी स्कूटर कशी उभी केली ते मला आठवत नाही. तिच्या दंडाला हात लावून बघितला, एवढं आठवतं.

दिवा लागताच तिने इंजिन बंद केलं होतं. इंजिन वाचलं होतं, पण पोरीचा चेहरा उतरला होता. बाईंची तिने आधीच माफी मागितली होती, ओढून न्यायला गाडी बोलावली होती. आम्हाला बघितल्यावर तिचे डोळे भरले.

‘‘बाबा, तुमचंच खरं होतं,’’ ती म्हणाली. ‘‘मला नाही जमलं. मीच नीट बसवला नाही. यापुढे तुम्ही सांगाल तसंच.’’

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे मूग गिळून बसले असते तर गॅरेजही त्यांचं, शब्दही त्यांचा, आणि पोर जन्मभर त्यांच्या पान्याखाली. मीही बोलू शकले असते. पण नाही बोलले. तुम्हीच बोला, नाहीतर मी तुमची कोणी नाही, असं मनाशी म्हणत उभी राहिले.

ते गाडीजवळ गेले, वाकून खाली बघितलं आणि तिच्याकडे न बघताच बोलले.

‘‘तू बरोबर बसवला होतास. नळ जागच्या जागी आहे. चेंबर चिरलंय. मी आवळला, तू आत गेल्यावर.’’

लेक उठून उभी राहिली. ‘‘चिरलं ते कळलं होतं तुम्हाला?’’

‘‘आवाज ऐकला होता.’’

‘‘आणि मला जाऊ दिलंत?’’

‘‘हो,’’ ते म्हणाले. ‘‘म्हटलं, नसेल काही. तुझ्यापुढे कबूल करायची लाज वाटली.’’

तिने चाकामागचा दगड पायाने आणखी आत रेटला. शाळाबाईंनी छत्री मिटली, उघडली. मला वाटलं, आता ही ह्यांना माझ्याबरोबर परत पाठवणार, आणि ते मुकाट्याने स्कूटरवर बसणार, आणि मग आमच्या घरात कोणी कोणाशी बोलणार नाही.

‘‘आई, तू बाईंना स्कूटरवर त्यांच्या बहिणीकडे ने,’’ ती म्हणाली. आवाज अजून कडक होता. ‘‘बाबा थांबतील माझ्याजवळ.’’