खंडेनवमीचं चेकबुक

हंबीरराव हवालदारांनी पलटणीच्या बँडमध्ये बावीस वर्षं क्लॅरिनेट वाजवली, पण तेवढ्या काळात पगाराच्या कागदावर सही करण्यापलीकडे पैशाच्या भानगडीत ते कधी पडले नाहीत. जेवण लंगरात, गणवेश स्टोअरमधून. पैसा कुठून येतो याची चौकशी वाजवणाऱ्यानं करू नये, हे त्यांचं ठाम मत. आणि तेच मत घेऊन ते शिराळ्याजवळच्या आपल्या गावी परतले.

गावात ऊस होता, भाऊ होते, पण जीव रमेना. त्यांची बायको अंजना म्हणायची, "आवं, उसाला पाणी पाजताना तरी पायानं ताल धरू नगा." शेवटी त्यांनी शाळेच्या मैदानावर पोरापोरींचा बँड उभा केला. फी एक रुपया नाही. संस्था रीतसर नोंदवली, अध्यक्ष स्वतः झाले आणि खजिनदार केला बालमित्र बाळासोला. बाळासो सोसायटीत कारकुनी केलेला, म्हणजे आकड्यांतला माणूस. एकानं वाजवायचं, दुसऱ्यानं पैशाचं बघायचं, अशी वाटणी झाली.

सहा वर्षांत बँडनं नाव काढलं. जिल्ह्याच्या गावी विश्रामबागेतल्या संचलनात बक्षीस मिळालं, दोन पोरं फौजेच्या बँडमध्ये लागली. शिस्त मोठी कडक. रांगेत प्रश्न विचारायचा नाही, आणि चुकलं की ड्रम डोक्यावर घेऊन मैदानाला दोन चकरा. पोराची रदबदली करायला बापसुद्धा येत नसे.

खंडेनवमीला पलटणीत हत्यारं पुजतात, तशी हंबीरराव वाद्यं पुजत. मग एका वर्षी त्यांनी पाटावर संस्थेचं चेकबुकही मांडलं. "ह्येबी हत्यारच की," म्हणाले. मुहूर्तावर सगळ्या पानांवर एकदम सही ठोकली आणि हळदीच्या बोटांनी ते बाळासोच्या हाती दिलं. वर्षभराची कटकट मिटली! मग दरवर्षी तेच. गेल्या साली काठी घेऊन पुढं चालणारी स्वप्नाली म्हणाली, "मास्तर, रकमेची जागा तर कोरीच हाय." रांगेत बोलली म्हणून तिला दोन चकरा पडल्या. तिनं त्या मुकाट मारल्या.

यंदा बेंगळुरूच्या स्पर्धेचं बोलावणं आलं. चौतीस घरांनी प्रत्येकी चार हजार भरले. हरणाबाईनं नातवासाठी दोन शेळ्या विकल्या. निघायला चार दिवस उरले तेव्हा बसवाला दारात आला आणि म्हणाला, "हवालदार, ॲडव्हान्सच आला न्हाई. गाडी दुसऱ्याला दिली."

हंबीरराव सहा वर्षांत पहिल्यांदा बँकेत गेले. खात्यात अकराशे रुपये होते. कारकुनानं वटलेले चेक पुढं ठेवले. प्रत्येकावर त्यांची ठसठशीत सही, आणि कोपऱ्यात हळदीचा डाग.

बाळासो घरीच सापडला. त्यानं काही लपवलं नाही.

"खाल्लं न्हाई गड्या, देवाशपथ. तू ढोल आण म्हणालास, आणलं. टोप्या, बूट, पुण्याला जायला वारेमाप भाड्याची गाडी. फुकट शिकवायचं आन् सायबी थाट पायजे. मागची उधारी भागवाय फुडच्या देणग्या वापरल्या. यंदा बेंगळुरूचं पैसं बी त्यातच गेलं, फुडचं काय उरलंच न्हाई."

"मला सांगायचं व्हतंस की रं."

"सांगाय आलतो. तू म्हणालास, वाजवणाऱ्यानं पैशाचं ऐकायचं नसतंय."

ते हंबीररावांना आठवलं. राग आला, पण तो कुणावर काढावा हे कळेना.

संध्याकाळी मैदानावर चौतीस पोरं आणि त्यांची घरची माणसं जमली. स्वप्नालीचा बाप धनाजी थेट म्हणाला, "बाळासोनं गिळलं म्हणा, मग आमी बघतो त्याचं." बाळासो खाली मान घालून उभा होता. हंबीरराव एक 'होय' म्हणाले असते तर सुटले असते, आणि तो शब्द त्यांच्या ओठांवर आलाही होता. पण लाज वाटली.

"सही माजी हाय," ते म्हणाले. "चूक माजी."

मग त्यांनी मोठा ड्रम उचलला, डोक्यावर घेतला आणि पन्नाशी उलटलेल्या गुडघ्यांनी चकरा सुरू केल्या. कुणी हसलं नाही. हरणाबाईनं पदर डोळ्यांना लावला. पोरं आपसूक रांगेत सावधान उभी राहिली. पहिली चक्कर कशीबशी पुरी झाली. दुसरीला वळताना त्यांना जरा हलकं वाटू लागलं, फेडलं म्हणून.

तेवढ्यात स्वप्नाली रांगेतून बाहेर आली आणि त्यांच्या वाटेत उभी राहिली.

"मास्तर, चकरा मारून शेळ्या परत येत न्हाईत. कुठं किती गेलं, ती वही दाखवा. तेवढंच मागतोय आमी."

हंबीररावांनी ड्रम खाली ठेवला. त्यांनी बाळासोकडं पाहिलं, बाळासोनं जमिनीकडं.

"वही," हंबीरराव म्हणाले, "कवा केलीच न्हाई, पोरी."