ताईच्या शेततळ्यातलं शेवाळ

ताईच्या शेततळ्यात मोरचूद मी टाकला. हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

निमित्त भाचीच्या लग्नाचं. सिन्नरजवळच्या त्यांच्या मळ्यात लग्नाआधीचे फोटो काढायला फोटोवाला येणार होता, जोडी तळ्याच्या काठावर उभी राहणार होती, आणि पाणी हिरवंगार. ताई म्हणाली, "फोटोत मागं पालकाची भाजी दिसंल." सगळे हसले. मी मनावर घेतलं. द्राक्षांवर फवारायचा मोरचूद दाजींच्या शेडमध्ये होताच. शेवाळाला तो चिमूटभर पुरतो म्हणे. पण सातपूरच्या कारखान्यात जन्म गेलेल्या माणसाचा चिमटीवर विश्वास नसतो. दुपारी सगळे जेवून लवंडले, तेव्हा मी अर्धी पिशवी रिकामी केली.

फोटोच्या दिवशी तळाशी अंथरलेला प्लास्टिक कागद दिसत होता. दाजी खूश. "लय भारी झालं पाणी. देवानं पोरीसाठी गाळून दिलं बघा." मी मान डोलावली. देवाचं श्रेय परस्पर कोण घेणार?

भाची कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. कौतुकानं तिनं बाटलीभर पाणी नाशिकला नेलं आणि तिथून मला फोन केला. "मामा, एवढं स्वच्छ पाणी, पण सूक्ष्मदर्शकाखाली थेंबात काहीच हलत नाहीये." चारदोन दिवसांत मेलेलं शेवाळ कुजलं, पाण्यातला प्राणवायू संपला आणि दाजींनी तळ्यात सोडलेले मासे पोट वर करून तरंगले.

दाजींना वाटलं, बांधापलीकडच्या शेजारी काकांच्या बागेतलं फवारणीचं औषध वाहून आलं.

"तुमचं औषध तुमच्या बागेत ठेवा, काका."

"माझ्या औषधानं माझी कीड मरंना, तुझे मासे काय मरत्यात?"

मी शेजारी लाडवाचं ताट धरून उभा होतो. हसू आलं, ते गिळलं. सोबत खरंही गिळलं. काका लग्नाला आले, अक्षता टाकल्या, न जेवता गेले. रोज संध्याकाळी बांधावर दोघांचा चहा व्हायचा, आज यांची किटली, उद्या त्यांची. तो बंद पडला.

तळं बरेच दिवस काळपट राहिलं, वासही मारायचं. पावसाळ्यानंतर गेलो तर कडेला पोपटी झाक आलेली. माहेरी आलेल्या भाचीनं पुन्हा थेंब नेला. "मामा, बाजार भरलाय नुसता. एक तर गोल गोल गिरक्या घेतोय." त्या दिवशी मी दोन पुरणपोळ्या जास्त खाल्ल्या. ताई म्हणाली, "शेवाळ बघून भूक लागणारा तूच."

तळ्यानं आपलं आपण निस्तरलं. बांधावर मात्र किटली अजून येत नाही. दाजी आणि काका, दोघांना समोरासमोर बसवून मोरचूद मी टाकला हे सांगायचं आहे. तेवढं माझ्याकडे बाकी आहे.