डोकं त्यांचं, हात माझे

अन्याय माझ्यावर झाला. शनिवारी, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी. नागपूरच्या मिहानमधल्या एका कंपनीच्या थंडगार सभागृहात, शहरातल्या दीडेकशे डेव्हलपरांसमोर. वेळ पक्की आठवते. माझ्याच लॅपटॉपचा स्क्रीन मागच्या भिंतीवर दहा फूट रुंद पसरला होता आणि त्याच्या कोपऱ्यात घड्याळ होतं.

मंचावर मधोमध अद्वैत सर. आमचे टीम लीड. हातात माईक, गळ्यात वक्त्यांची केशरी फीत. मंचाच्या कडेला, पोडियमच्या मागे, प्लास्टिकच्या खुर्चीवर मी. गळ्यात स्वयंसेवकांची हिरवी फीत.

लॅपटॉपवर प्रोग्राम सुरू व्हायला अर्धं मिनिट लागत होतं. एवढ्या वेळात लोकांना हसवायचं असतं. ते सरांना चांगलं जमतं. माझ्याकडे बोट करून ते म्हणाले, "ही आमची ड्रायव्हर. डोकं माझं, हात हिचे."

सभागृह हसलं.

मीही हसले.

हे वाक्य लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. दुसरं कोणी हसलं त्याचा राग येतो. आपण हसलो त्याची लाज वाटते. आणि लाज रागापेक्षा जास्त दिवस राहते.

आता ते डोकं कोणाचं होतं, ते सांगते.

माझी आत्या रामटेककडच्या खेड्यांत एका संस्थेसाठी घरोघर फिरते. गरोदर बायांची विचारपूस करते आणि फोनमध्ये नोंद भरते. त्या खेड्यांत नेटवर्क कधी असतं, कधी नसतं. एकदा एका बाईच्या पायावर सूज दिसली, ती आत्यानं लिहिली. नेटवर्क आल्यावर नोंद गेलीही. त्याच दिवशी संस्थेच्या ऑफिसातल्या मॅडमनी खुर्चीत बसल्या बसल्या त्याच बाईच्या नावावर "ठीक" असं टाकलं. मागून आलेली नोंद राहिली, आधीची पुसली गेली. ती बाई वाचली, पण जिवावरचं दुखणं काढून. आणि चौकशीत ठपका आला आत्यावर. तू लिहिलंच नाहीस म्हणाले.

आत्या आमच्या घरी येऊन ओट्यावर बसली. रडली नाही. म्हणाली, "म्या लिवलं होतं वं. माह्या हातानं लिवलं होतं. कोनं पुसलं ते त्यायले विचार ना! मले काहून इचारून राहिले?"

त्या ओट्यावर माझा प्रोग्राम सुरू झाला.

चार महिने लागले. रविवारी घरी, आणि मनीषनगरच्या आमच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत. दोनच गोष्टी त्याला करता आल्या पाहिजेत, असं ठरवलं होतं. नेटवर्क नसलं तरी नोंद फोनमध्ये शाबूत राहिली पाहिजे. आणि एकाच बाईच्या दोन वेगळ्या नोंदी आल्या, तर कोणाचीच पुसली जाता कामा नये. दोन्ही शेजारी शेजारी दिसल्या पाहिजेत आणि खाली प्रश्न आला पाहिजे: घरी कोण गेलं होतं? पहिलं काम तीन आठवड्यांत झालं. बाकीचे दिवस दुसऱ्यानं खाल्ले. कोणाचं पुसायचं हे ठरवणं कॉम्प्युटरला सोपं असतं. कोणाचंच पुसायचं नाही, हे शिकवणं अवघड असतं.

अद्वैत सरांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "ब्रिलियंट. हे आपण डेव्हलपरांच्या मीटअपला नेऊ."

आपण. मी खूश झाले. घरी आईला सांगितलं. आईनं माझा निळा कुर्ता स्वतः इस्त्री केला. "मंचावर बसनार हायेस ना वं?"

"हो आई, बसणार आहे."

खोटं नव्हतं. बसलेच होते मी.

पोस्टर आलं. त्यात सरांचा फोटो, सरांचं नाव, आणि खाली बारीक अक्षरात "आणि टीम". मी विचारलं, माझं नाव? सर म्हणाले, "टीममध्ये तू आहेसच ना. आणि स्टेजवर कसं, ऐकायला जरा स्मूथ वाटेल असा माणूस लागतो. तुझं बोलणं जरा..." वाक्य पुरं केलं नाही. असली वाक्यं ते कधीच पुरी करत नाहीत. मी कंपनीत लागले त्या पहिल्याच दिवशीही त्यांनी विचारलं होतं, "नागपुरात कुठं राहतेस?" मी सांगितलं, उत्तरेला, विहाराच्या मागच्या गल्लीत. तर म्हणाले, "अच्छा. अच्छा." दोनदा. पहिला अच्छा पत्त्याचा होता. दुसरा कशाचा होता, ते आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही सांगता येईल.

गुरुवारी रंगीत तालीम झाली. तिथं एक भानगड झाली. सरांच्या लॅपटॉपवर प्रोग्राम चालेना. आमच्या धंद्यात एक जुना विनोद आहे, "माझ्या मशीनवर तर चालतं!" काम बिघडलं की प्रत्येक जण हेच म्हणतो. इथं खरंच तसं झालं. ज्या मशीनवर लिहिलं त्याच मशीनवर ते चालत होतं, आणि ते मशीन माझं होतं. सरांनी तासभर खटपट केली. शेवटी म्हणाले, "ठीक आहे. लॅपटॉप तुझाच घेऊ. तू बाजूला बसून चालव, मी बोलतो."

म्हणून मी त्या खुर्चीवर होते. लॅपटॉपसोबत आलेलं सामान.

शनिवारी डेमोचा पहिला भाग झकास झाला. सरांनी फोनचं नेटवर्क बंद केलं, नोंद भरली, नेटवर्क चालू केलं, आणि मी इकडे एक बटण दाबताच ती नोंद भिंतीवर उमटली. टाळ्या पडल्या. सरांनी मान झुकवून त्या घेतल्या.

मग तिसऱ्या रांगेतून एका बाईंनी हात वर केला. त्यांनी विचारलं, "एकाच पेशंटची नोंद दोघींनी भरली, आणि दोन्ही वेगळ्या निघाल्या, तर?"

हाच तो प्रश्न. आत्याचा प्रश्न. मी सरांकडे पाहिलं. त्यांनी एकदा माझ्याकडे बघावं, एवढीच अपेक्षा होती. बघितलं असतं तर मी कानात सांगितलंही असतं. खरं सांगते, सांगितलं असतं.

त्यांनी बघितलं नाही. "सिंपल," ते म्हणाले. "शेवटची येते ती खरी. आधीची पुसली जाते." आणि माझ्या दिशेनं चुटकी वाजवली. "दाखव."

मी शाळेत असताना विहाराच्या वाचनालयात पत्रकांच्या घड्या घालायची. माझा आजा छप्पनच्या दीक्षेला होता आणि वाचनालय तोच चालवायचा. पत्रकं वाटायला पाठवण्याआधी तो आम्हा पोरांना ओळीनं उभं करायचा आणि पत्रकातलं एकेक विचारायचा. ज्याला सांगता आलं नाही त्याच्या हातातला गठ्ठा काढून घ्यायचा. "इचारलं तं सांगता येत नाही, मंग धरून काहून राहिला गा? ठेव खाली." सख्ख्या नातवालाही सोडायचा नाही. रस्त्यात कोणी अडवलं आणि आम्ही "मी फक्त वाटतो" म्हणालो, हे त्याला कळलं, की आठ दिवस पत्रक हातात मिळायचं नाही.

भिंतीवर दहा फुटी स्क्रीन. माईक धरलेला एक माणूस, ज्याला विचारलं तर सांगता येत नाही. आणि मी, फक्त चालवणारी.

मी किबोर्डवरचे हात काढले. मांडीवर ठेवले.

"रन कर," सर म्हणाले.

"नाही."

"काय?"

"तुम्ही सांगितलं ते चूक आहे. पुसत नाही."

त्यांनी माईकवर तळवा दाबला. चेहरा हसराच ठेवला. "सीन करू नकोस. आपण नंतर बोलू."

मी उभी राहिले. बोलले ते घरी बोलते तसंच आलं तोंडातून, आणि मोठ्यानं आलं. "हे मी लिवलं आहे. यातलं तुमाले मालूम नाही. मले मालूम आहे. मी सांगतो."

सभागृहात कोणी हसलं नाही. मागून एक आवाज आला, "अरे भाऊ, बोलने दो ना उसको!" लगेच पुढच्या रांगेतून दुसरा, "टाइम होऊन राहिला सर, जेवन थंडं होईन!"

मी तिसऱ्या रांगेतल्या बाईंना वर बोलावलं. त्या आल्या. डेमोचा एक फोन त्यांच्या हातात दिला, दुसरा मी घेतला. दोन्हींचं नेटवर्क बंद केलं. एकाच नावावर मी लिहिलं, "पायावर सूज आहे." त्यांना म्हटलं, तुम्ही लिहा, "ठीक." नेटवर्क चालू केलं. बटण दाबलं.

दोन्ही नोंदी भिंतीवर आल्या. शेजारी शेजारी. खाली प्रश्न: घरी कोण गेलं होतं?

माईक कोणीतरी बंद केला होता. मी बिनमाइकचं सांगितलं. आत्याचं नाव न घेता आत्याची सगळी हकिकत सांगितली. त्या बाई माझ्या शेजारी फोन धरून उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "आमच्या दवाखान्यातही हेच होतं." मी पुढचं वाक्य सुरू केलं आणि भिंत पांढरी झाली. आयोजकांनी वायर ओढली होती.

"फ्रेंड्स, लंच!" बारा वाजायलाही अजून वेळ होता.

लोक उठले. पाच-सहा जणांनी टाळ्या वाजवल्या. बाकीचे फोनमध्ये बघत ताटांकडे गेले. मी हे कटुतेनं सांगत नाही. मोजून सांगते. तेवढेच होते.

सोमवारी बोलावणं आलं. सर शांत होते. "तुझ्यात टॅलेंट आहे. टीम स्पिरिट नाही. लेखी माफी दे, विषय संपला." मी कागद घेतला आणि लिहिलं: चुकीचं उत्तर कोणी दिलं ते आधी लिहा, मग माफी कोणी मागायची ते ठरवू. गुरुवारी ऑफिसच्या दाराला माझं कार्ड लागेना. तीनदा लावलं. आतून वॉचमन काका बघत होते. मान खाली घालून म्हणाले, "बेटी, ऊपर से बंद किया है." कंपनीनं मला दिलेला लॅपटॉप आतच राहिला, त्यातला प्रोग्रामही.

कार्यक्रमाचा व्हिडिओ आला. टाळ्यांपर्यंतच आहे. सर मान झुकवतात आणि संपतो. प्रश्न कापला. बाई कापली. मला कापलं. व्हिडिओ मागून आला ना. मागून आलेली नोंद राहिली, आधीची पुसली गेली.

आत्याला सांगितलं. तिला वाटलं, मी रडेन. मी रडले नाही. ती म्हणाली, "मंग? आता ते काम त्यायच्या घरी गेलं?"

"गेलं."

"तुह्या डोक्यातून गेलं काय?"

"नाही."

"मंग बस लिवाले. चाय ठेवतो."

लिहायला बसले आहे. पहिल्या ओळीपासून. या वेळी त्यात आणखी एक गोष्ट आहे. नोंद कोणी भरली, ते नाव कोणत्याही साहेबाला बदलता येणार नाही. मलाही नाही.

पुढच्या मीटअपसाठी मी माझ्या नावानं अर्ज केला. उत्तर आलं: वक्त्यांच्या जागा भरल्या, स्वयंसेवक म्हणून आलात तर आनंद होईल. मी येणार आहे. आत्याला घेऊन येणार आहे, तिचा तडा गेलेला फोन घेऊन. हिरवी फीत गळ्यात घालणार नाही. आत नाही घेतलं तर दारातल्या पायरीवर डेमो दाखवणार. माझ्या प्रोग्रामला नेटवर्क लागत नाही. त्याला तुमचा प्रोजेक्टरही लागत नाही.

आणि तुम्ही. तुम्ही, जे त्या सभागृहात होता, किंवा असल्याच दुसऱ्या सभागृहात पुढच्या शनिवारी बसणार आहात. मला तुमची सहानुभूती नको. एक काम करा. मंचावरचा माणूस बोलायला लागला, की हात वर करा आणि पहिलाच प्रश्न विचारा: हे कोणी लिहिलं? उत्तर "आम्ही" आलं, तर बसू नका. पुन्हा विचारा. नाव घ्यायला लावा. ते नाव कडेच्या खुर्चीवर बसलेलं असेल, तर माईक तिथं जाईपर्यंत उभे राहा. जेवण थंड होऊ द्या.

आणि तू, जी आत्ता त्या कडेच्या खुर्चीवर बसली आहेस. त्यांच्या विनोदावर हसू नकोस. मी हसले होते.

किबोर्डवरचे हात काढ. उभी राहा. सांग.