सरांना एक पेपर कमी पडतो

सायकियाट्रीच्या ओपीडीत काम करते म्हटलं की लोक आधी आवाज खाली आणतात आणि मग विचारतात, "किस्से असतील ना भरपूर?" असतात की. साठून साठून सांडायला लागलेत. पण माझ्याकडचे बहुतेक डॉक्टरांचे आहेत. पेशंटचे त्यांनी परवानगी दिल्याशिवाय आम्ही बाहेर सांगत नाही. डॉक्टरांचे सांगू नयेत असा नियम अजून कोणी केलेला नाही.

मी ठाण्याला, माजिवड्याजवळच्या एका हॉस्पिटलात सोशल वर्कर आहे. आमचे सर स्किझोफ्रेनियावर संशोधन करतात. छापून आलेल्या पेपरांची यादी मारुतीच्या शेपटासारखी, तरी सर प्रोफेसर काही होत नव्हते. कारण प्रत्येक पेपरात त्यांचं नाव तिसरं, नाहीतर चौथं. पहिल्या नावाचा एक पेपर कमी पडत होता आणि रिटायरमेंट जवळ आलेली.

सरांच्या मिसेस एकदा म्हणाल्या, "लग्नपत्रिकेत खाली 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' असं पोरांच्या नावाने लिहितात ना, तसं यांचं नाव. असतं, पण वाचत कोणी नाही."

* * *

एकदा सरांना मेल आला. 'परमआदरणीय प्रोफेसर, आपल्या थोर कार्याने आम्ही भारावलो आहोत. आमच्या अंकासाठी लेख द्यावा.' सर दिवसभर शीळ घालत वॉर्डात फिरत होते. संध्याकाळी मी त्यांना जर्नलचं नाव नीट वाचून दाखवलं. मत्स्यपालनाचं होतं.

सरांनी मेल पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचला. मग म्हणाले, "पण पहिलं नाव माझंच छापतील ना?"

* * *

शेवटी सरांनी स्वतःचाच अभ्यास काढला. जरा बरं वाटलं की लोक गोळ्या बंद करतात आणि आजार उलटतो. दर आठवड्याला फोन करून आठवण दिली तर गोळ्या चालू राहतात का, एवढंच बघायचं होतं. चिठ्ठ्या टाकून दोन ग्रुप केले. एकाला मी दर गुरुवारी फोन करायचा, दुसऱ्याला अजिबात करायचा नाही.

मानपाड्याचे भोईरकाका दुसऱ्या ग्रुपात आले. (हे सांगायला त्यांची परवानगी आहे, आडनाव तेवढं मी बदललंय.) जुने जमीनवाले, गळ्यात जाड चेन, आजार जुना पण गोळ्यांवर छान आटोक्यात. गावात कोणाचाही वाढदिवस असो, चौकातला बॅनर काकांचाच. ओपीडीच्या बाकावर शेजारच्या बाईंना फोन येतो आणि आपल्याला येत नाही, हे काकांना कळलं.

"मॅडम, सगल्या गावाला हलदीचं बोलावनं, आनि मनाच नाय?"

चिठ्ठीत तसं आलं, यात मानापमान काही नाही, असं मी परोपरीने सांगितलं. पुढच्या गुरुवारी सरांचा मोबाइल वाजला. "डॉक्टर, भोईर बोलतो. गोली घेतली. तुमी जेवलाव का?"

मग दर गुरुवारी तेच. अभ्यास बिघडतोय म्हणून सर चिडायचे, आणि मग काय जेवले ते सांगायचे.

* * *

निकाल आला. ज्यांना मी फोन केले ते गोळ्या बऱ्यापैकी घेत होते. ज्यांना केले नाहीत ते त्यांच्याहून नेमाने घेत होते! सर डोक्याला हात लावून बसले. प्रोफेसरकी गेली, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मला खरंच वाईट वाटलं.

भोईरकाकांना बोलावलं. सरांनी विचारलं, "काका, मला सोडून आणखी कोणाला फोन करत होतात?"

"सगल्यांनाच. तुमी ज्यांना करत नव्हता त्यांना." नंबर बाकावर बसल्या बसल्या गोळा केलेले.

"आणि बोलायचात काय?"

"जेवलास का, इचारायचो. गोली नाय घेतली म्हनला, त मी म्हनायचो, थांब, मी पन नाय घेतली. दोघं संगती घेऊ."

सर पांढरेफटक पडले. "प्रत्येकाबरोबर? काका, किती गोळ्या खाल्ल्यात तुम्ही?"

"खरी एकच." काकांनी खिशातून पुडी काढली. "बाकीच्यांसंगती लिमलेट. घ्या, तुमी पन घ्या."

सरांनी घेतली.

* * *

मग सरांनी पेपर नव्याने लिहिला. पेशंटनेच पेशंटला फोन केला तर काय होतं, ते जसं घडलं तसं, लिमलेटसकट. परदेशातल्या एका जर्नलने तो चक्क छापला. पहिलं नाव सरांचं. सरांनी ते पान मला दाखवलं, मिसेसना दाखवलं, लिफ्टमनलासुद्धा दाखवलं.

काकांनी पान उलटसुलट बघितलं. "यात आमची नावं कुठंयत?"

सर घाबरले. काकांचा बॅनरचा शौक त्यांना माहीत होता. "पेशंटचं नाव, फोटो, काहीही कुठे येता कामा नये. तसा शब्द दिलाय मी सगळ्यांना. तुम्हीपण द्या." काकांनी शब्द दिला, पण तोंड पाडूनच.

आठवड्याभराने मी रिक्षाने मानपाड्यावरून चाललेले. चौकात हा मोठा बॅनर. मधोमध सरांचा गॉगलमधला फोटो, कुठून मिळवला देव जाणे. वर 'प्रोफेसर झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन', ऑर्डर अजून यायची होती तरी. खाली शुभेच्छुकांच्या फोटोंसाठी ओळीने गोल आखलेले. झाडून सगळे रिकामे.

आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत : 'शुभेच्छुक – फोन न येणारा ग्रुप'.