चतुर्थीच्या दिवशीची साखर

बायको जाऊन वर्ष झालं. मी शिकलो चौथी. पण आकडे वाचता येतात आणि माणूस खोटं बोलत असला की ओळखू येतं, एवढं मला वाटत होतं.

तिला साखरेचा आजार होता, गोळ्या चालू होत्या. दर चतुर्थीला आम्ही कळंबला जायचो. देवळात दर्शन झालं की बाजूच्या दवाखान्यात बोटाला सुई टोचून साखर पाहून घ्यायची. एका फेरीत दोन कामं. कधी एकशे दहा, कधी एकशे पंधरा. मी म्हणायचो, "बरी आहेस तू. उगाच भेव नको घेऊ." घरी ती शिळी पोळी गुळासोबत खायची, सीताफळाच्या दिवसांत टोपलंच्या टोपलं. मी काही बोलायचो नाही. साखर तर बरोबर येत होती.

मग यवतमाळच्या एका डॉक्टरनं तीन महिन्यांची तपासणी करायला लावली. कागदावर आलं नऊ पॉइंट चार. खाली सरासरी साखर, दोनशे तेवीस. डॉक्टर म्हणाला, इन्सुलिनची सुई सुरू करू.

माझं डोकंच फिरलं. "आठ दिवसांआधी एकशे दहा होती. आज दोनशे तेवीस कशी झाली? रक्ताची बाटली बदलली तुमच्या लोकायनं. एका थेंबाले तीन महिन्यांचं काय कळते?"

ती हळूच म्हणाली, "आहो, घेऊन पाहू ना सुई."

"चूप बस," म्हणालो आणि घरी घेऊन आलो.

पुढच्या वर्षी तिची टाच चिघळली. ती जखम भरली नाही. त्यातच गेली.

तरी लॅबवरचा माझा संशय काही गेला नाही. उलट तो धरूनच मी वर्ष काढलं. कागद खोटा असला तर माझी चूक नव्हती.

पोरगी पुसदला दिली आहे. तिनं फोनवर फोन करून मलाही तपासणी करायला लावली. मी मुद्दाम त्या जुन्या लॅबमध्ये गेलो नाही, दुसरी पाहिली. तिथल्या पोरीनं सकाळी बोट टोचलं, एकशे अठ्ठावीस. दंडातूनही रक्त घेतलं. सायंकाळी कागद दिला, आठ पॉइंट एक, सरासरी एकशे शहाऐंशी.

"यातला एक आकडा खोटा आहे," मी म्हणालो. "कोणता ते सांग."

"दोन्ही खरे आहेत, आबाजी. एकशे अठ्ठावीस सकाळची. ही तीन महिन्यांची सरासरी."

"रक्तानं काय वही ठेवली हाय का?"

ती हसली. "तसंच समजा. रक्तातल्या लाल पेशी तीन-चार महिने जगतात. रक्तात साखर जास्त असली की त्यांना जास्त चिकटते आणि पेशी मरेपर्यंत सुटत नाही. शंभरात आठ भागांवर चिकटली म्हणून आठ. काल उपाशी राहिले तरी ती धुऊन निघत नाही."

मी जिनिंगवर तीस वर्षं कापसाच्या गाड्या पाहिल्या. लोक वर वाळला कापूस पसरायचे, आत ओला दाबायचे. मी खांद्यापर्यंत हात घालून आतला मूठभर काढायचो, मगच बोलायचो. ती पोरगी आतल्या मुठीचंच बोलत होती. तरी विचारलं, "हे तपासणी फसत नाही का कधी?"

"फसते ना. अंगात रक्त कमी असलं तर आकडा चुकू शकतो."

तेवढंच मला पाहिजे होतं. बायको शेवटी शेवटी फिक्कट दिसायची. दुसऱ्या दिवशी तिच्या कागदांची पिशवी घेऊन मी पुन्हा लॅबमध्ये हजर.

पोरीनं एकेक कागद उलगडला. "त्याच दिवशीचं हिमोग्लोबिन आहे इथं. बारा पॉइंट चार. चांगलं होतं आजीचं रक्त." मग तिनं कळंबच्या दवाखान्यातल्या चिठ्ठ्या ओळीनं मांडल्या. "या सगळ्या दुपारच्या आहेत. काय खाऊन जायच्या त्या?"

"काही नाही. चतुर्थी रायची. चंद्र निघेपर्यंत पाण्यावर."

ती चिठ्ठ्यांकडे पाहत राहिली.

"म्हणजे तो कागद खरा होता?"

"खोटा असायचं कारण दिसत नाही, आबाजी."

महिन्यातला जो एक दिवस ती उपाशी असायची, तोच दिवस आम्ही तपासला होता. वर्षानुवर्षं. बाकीच्या दिवसांचं कोणी विचारलं नाही, मीही नाही.

दुपारी पुसदच्या पोरीला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"बाबा, आईले सुई घ्यायची होती. मले बोलली होती ते."

"मंग तू मले काहून नाही सांगतलं?"

"तुमी कोणाचं ऐकत होते का?"

मी कागद पिशवीत भरत राहिलो. मग तिनंच विचारलं.

"तुमचा आकडा किती आला?"

"आठच्या वर."

"गोळ्या आणल्या?"

"आणल्या, डॉक्टरले कागद दाखवून. पण त्या दुकानवाल्यावर माझा भरवसा नाही. पाकिटावरचं नाव डॉक्टरच्या चिठ्ठीसोबत जुळवून पाहिलं. उद्या त्या लॅबच्या पोरीले दाखवतो."

"उद्याचं उद्या. आज घ्या, बाबा."

ती आता रडत होती. मी हो म्हणालो.

गोळी जेवणानंतरची होती. भूक तर अजिबात नव्हती. तरी चूल पेटवली, एक भाकर थापली आणि जेवायला बसलो.