होडीची हळद

नवरा रिटायर झाला की बायकोच्या डोक्यावर बसतो म्हणतात. आमचे हे बसले नाहीत, यांनी होडी बांधायला घेतली. रोह्याच्या एका कंपनीत मेंटेनन्सला यांची सगळी नोकरी गेली. पाइप, टाक्या, जिने यांना वेळेवर रंग लावून घेणं हे यांचं काम, आणि स्वतःच्या हातची होडी धरमतरच्या खाडीत सोडणं ही लहानपणापासूनची हौस. वरसेतल्या आमच्या घरापुढे गाडीसाठी ठेवलेल्या जागेत पत्र्याची शेड उभी राहिली, शेडखाली होडीचा सांगाडा आला आणि गाडी गेली गटाराच्या कडेला. मी रोह्याच्या आतल्या बाजूची, भात आणि वाल पिकवणाऱ्या घरातली. आमच्याकडे पाणी बांध घालून अडवायचं असतं. त्यावर चार फळ्या तरंगवायला माणूस इतका वेडा होतो हे मला लग्नानंतर इतक्या वर्षांनी कळलं.

होडी बांधून झाली तेव्हा सासूबाई आमच्याकडेच होत्या. गावाकडचं घर रिकामं झाल्यावर यांनी त्यांना खाडीकाठावरून इकडे आणलं होतं. उभा जन्म मिठागरात गेलेला, त्यामुळे नुसतं बसणं त्यांना ठाऊक नव्हतं. मासळीवालीशी भाव करून भांडायचं, तिच्याकडची निवटी स्वतः साफ करायची, मी निवडलेले तांदूळ पुन्हा पाखडायचे. "तुमच्याकडं खडे पण शिजवतात का गो?" असं वर विचारायचं. मला राग यायचा. पण सुपात खरंच एखादा खडा निघायचा, मग बोलणार काय?

लाकूड घासून गुळगुळीत झालं, दुसऱ्या दिवशी प्रायमर लावायचा ठरला, आणि त्याच दिवशी आम्हा दोघांना जित्याला एका लग्नाला जावं लागलं. संध्याकाळी परत आलो, फाटक उघडलं, तर होडी पिवळीधमक. या टोकापासून त्या टोकापर्यंत तेल आणि हळद. सासूबाई तिच्या बाजूला पाटावर बसलेल्या, हात कोपरापर्यंत माखलेले, चेहरा कार्य पार पाडलेल्या करवलीचा.

"नवी होडी म्हंजे नवरी," त्या म्हणाल्या. "हळदीबिगर नवरी कधी पाठवतात व्हय?"

त्यांच्या गावची ती रीतच. त्यांनी पाहिलेल्या होड्यांना रंग नसायचा, वर्षानुवर्षं तेलच पाजलेलं असायचं, त्यामुळे हळदीच्या तेलाने कुणाचं काही बिघडत नसे. हे हसले. आईला एका शब्दानेही बोलले नाहीत. बादलीत साबण कालवला आणि होडी धुवायला घेतली, तशी ती पिवळीची लालभडक झाली. हळदीच्या डागाला साबण लागला की काय होतं हे भांडी घासणाऱ्या बाईला विचारायचं असतं. कंपनीत ते शिकवत नसावेत. मग थिनरने पुसली, उन्हात ठेवली, आणि हे म्हणाले, "झालं साफ." तेल लाकडात किती खोल गेलंय याचा अंदाज त्यांना तेव्हा आला नाही. किंवा आला असेल, पण आईसमोर पुन्हा घासायला घ्यायचं जिवावर आलं असेल.

प्रायमर लागला. वर निळ्या ऑइल पेंटचे हात झाले. होडी अशी देखणी दिसायला लागली की रस्त्याने जाणारे स्कूटर थांबवून बघायचे. गावी न्यायला टेम्पोही सांगून ठेवला. आणि एका सकाळी यांना रंगावर फोड दिसले. अंगठा लावला तर उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखा रंग सुटून हातात आला. खालचं लाकूड तेलकट होतं. एक फोड, दुसरा फोड, मग सगळी बाजू.

सासूबाई तेवढ्यात जवळ आल्या. "काय झालं रे?" म्हणत सुटलेल्या रंगाची कड त्यांनी बोटाने उचलली.

"आये, तू कशाला म्हणून हात लावू नको!" हे ओरडले. "सगळं वाटोळं केलंस."

"बरं," म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्यांनी ते शब्दशः पाळलं. कशाला म्हणून हात लावला नाही. मासळीवाली हाका मारून पुढे गेली. सूप भिंतीला टांगलेलं तसंच राहिलं. व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसायच्या, दोन्ही हात मांडीवर, पाहुणी आल्यासारख्या. तहान लागली की स्वयंपाकघराच्या दारात येऊन विचारायच्या, "तांब्या घेऊ का गो?" पहिल्यांदा मला वाटलं रुसल्या आहेत, निघेल राग. पण तो राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. त्यांना खरंच भीती बसली होती की आपण हात लावू ते बिघडेल. एकदा माझ्या हातातून पीठ सांडलं, तर ते गोळा करायला त्या वाकल्या, आणि अर्ध्यावरून सरळ झाल्या. मला इतकं वाईट वाटलं की मी पोळ्या टाकून बाहेर गेले.

"तोंडातून गेलेला शब्द रंगासारखा खरवडून काढता येत नाही," मी यांना म्हटलं. "जा, बोला आईशी."

"काय बोलू?"

"चुकलं म्हणा."

यांच्या घरात पुरुषाने आईची माफी मागितल्याचं कुणी ऐकलेलं नाही. आईवर जीव टाकतील, पण तोंडाने म्हणतील तर शपथ. हे पुन्हा शेडमध्ये गेले आणि फुटक्या काचेच्या तुकड्याने होडी खरवडायला लागले. दिवसच्या दिवस तेच चाललं. निळे पापुद्रे अंगणभर उडायचे, माझ्या तुळशीत पडायचे. खुर्चीवरून सासूबाई बघत असायच्या. खरवडण्याचा आवाज आला की त्यांची मान आणखी खाली जायची. त्यांच्या मते ते त्यांनी केलेलं निस्तरणं होतं. मी टेम्पोचा नवा दिवस सांगितला, तेव्हा म्हणाल्या, "तुम्ही जा. माझं काय काम हाय तिथं?" स्वतःच्या गावाला, स्वतःच्या मुलाची होडी सोडायला यायला ही बाई नाही म्हणत होती.

दुसऱ्यांदा रंग लागला. या वेळी तो धरला. बाहेरून निळा, काठाला पांढरी पट्टी, आतून राखाडी. फक्त पुढच्या टोकाला आतल्या बाजूची एक फळी कोरी राहिलेली मला दिसली.

"अहो, ही विसरलात," मी म्हटलं. "रंग संपला का?"

यांनी ब्रश धुतला, हात पुसले आणि व्हरांड्यात जाऊन आईच्या खुर्चीसमोर उभे राहिले. कंपनीत साहेबासमोर उभे राहत असतील तसे.

"आये, पुढची एक फळी बिनरंगाची ठेवलीय."

"का रे?"

"तेलाची हाय ती. तिला रंग लागायचा नाय. दर वर्षी होडी वर काढली की तेल, हळद, काय असेल ते तूच लावायचं." मग म्हणाले, "मला ते येत नाय."

सासूबाई हळूहळू उठल्या, शेडपर्यंत चालत गेल्या, होडीपाशी थांबल्या. हात पदराखालीच होते. यांच्याकडे वळून त्यांनी विचारलं, "हात लावू का?"

त्या प्रश्नाने यांचा धीर सुटला. इतके दिवस त्या मला विचारत होत्या ते यांनी पहिल्यांदाच स्वतःच्या कानांनी ऐकलं. डोळे भरले. "लाव ना, आये," कसंबसं म्हणाले.

त्यांनी तळहात त्या फळीवर ठेवला. एकदा इकडून तिकडे फिरवला. पुन्हा फिरवला. कपाळाला आठी पडली.

"ही घासलीस का नुसती पुसलीस रे? कुसळं लागतात हाताला. काचपेपर आण."

यांनी आणला. त्या होडीला टेकून उभ्या राहिल्या आणि फळी घासायला लागल्या, खांद्यातून जोर लावून. लाकडाची भुकटी त्यांच्या लुगड्यावर पडत होती. हे बाजूला उभे राहून एका हाताने डोळे पुसत होते आणि दुसऱ्या हाताने होडी हलू नये म्हणून धरून होते. मग सासूबाईंचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"बघत काय र्‍हायलीस गो? तेल आण, हळद आण. आणि पाकिटातली नको, ती नुसता रंग असते."

त्यांनी विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. मी आत पळाले.